पुढचा ब्रेक

प्रत्येक घरांत वडिलोपार्जित भांड्यांबरोबर कांहीं वडिलोपार्जित सत्येंहि चालत येतात. भांडीं आपण अधूनमधून घांसतों, त्यांना कल्हई लावून घेतों. सत्यांना मात्र सहसा कोणी हात लावीत नाहीं. आमच्या घरांतील असें एक सत्य वाहनासंबंधीं होतें : 'पुढच्या ब्रेकला कधीं हात लावूं नये.' तें आमच्या घरांत आणलें माझ्या काकांनीं. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई त्या काळांतली गोष्ट. काका लकडी पुलावरून वेगानें येत असतां समोर एक म्हैस आडवी आली. काकांनीं पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि ते सायकलीच्या दांडीवरून थेट म्हशीच्या पायांशीं जाऊन पडले. म्हशीला कांहीं झालें नाहीं. काकांचे पुढचे दोन दांत गेले. दोन दांतांची किंमत देऊन विकत घेतलेलें तें ज्ञान काकांनीं पुढें सर्व पुतण्यांना फुकट वांटलें.

मला सायकल शिकविली ती काकांनींच. पुढें मी नोकरीला लागलों आणि १९९८ सालीं शंभर सी.सी.ची एक मोटारसायकल घेतली, तेव्हां काकांचा उपदेश माझ्या इतका अंगीं मुरला होता, कीं गाडी घरीं आल्यावर मीं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ती ही, कीं पुढच्या ब्रेकची तार सैल करून ठेवली. मूठ पार आंवळली तरी पुढचें चाक फारसें अडूं नये, अशी ती योजना होती. चुकून हात पडला तरी अनर्थ होऊं नये, हा हेतु ! मेकॅनिकनें दर खेपेस ती तार आंवळावी आणि मीं घरीं येऊन ती पुन्हा सैल करावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. मला एकहि अपघात झाला नाहीं. यावरून मला गाडी उत्तम चालवितां येते, असा निष्कर्ष मीं काढला होता, व तो चारचौघांत बोलूनहि दाखवीत असें. हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध जानेवारी २०१९ मध्यें आमच्या या शहरांत मोर्चा निघाला, तेव्हां मी मोर्च्यांत गेलों नाहीं हें खरें, पण कट्ट्यावर बसून, "ज्याला गाडी येते त्याला टोपडें कशाला?" असें म्हणणाऱ्यांत मी होतों.

माझी मुलगी कॉलेजांत गेली आणि तिला गाडी शिकावीशी वाटली. शिकविण्याचा अधिकार अर्थातच माझ्याकडे आला. परवाना काढण्यापुरता आठाचा आंकडा तिनें चार दिवसांत गिरविला. उरलेली विद्या मीं तिला तोंडीं दिली : सावकाश जा, कडेनें जा, हॉर्न वाजवीत जा, आणि पुढच्या ब्रेकला हात लावूं नकोस. जुनी गाडीच मीं तिला दिली. तार अर्थातच सैल होती.

जून महिन्यांतील पहिल्या पावसाच्या संध्याकाळीं ती कर्वे रस्त्यानें घरीं येत होती. एक कुत्रें एकाएकीं आडवें आलें. तिनें मागचा ब्रेक सारें बळ लावून दाबला, मागचें चाक जागच्याजागीं अडकून ओल्या डांबरावर आडवें घसरलें, आणि गाडीसह ती पडली. सुदैवानें मागून कोणी येत नव्हतें. उजव्या मनगटाचें हाड मोडलें. दवाखान्यांत प्लास्टर घालून होईपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. मग जणूं मलाच धीर द्यावा अशा स्वरांत ती म्हणाली, "बाबा, मीं मागचाच ब्रेक दाबला हो, अगदीं तुम्हीं सांगितल्याप्रमाणें."

तिच्या बोलण्यांत दोषारोपाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. प्लास्टर निघालें; हाड जुळलें. पण गाडीच्या किल्ल्या खुंटीवर लटकत राहिल्या. ती बसनें जाऊं लागली. एकदां आईजवळ ती म्हणत होती, "मला तें जमायचें नाहीं. हात-पाय वेळेवर चालतच नाहींत माझे." मी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों, मीं तें डोळ्यांसमोरून खालीं केलें नाहीं.

गाडी दुरुस्त करतांना मेकॅनिकनें मात्र मला गांठलें. "साहेब, ही पुढची तार कोण सैल करतो ?" त्यानें विचारलें. मीं काकांची हकीकत सांगितली. तो हंसला नाहीं. म्हणाला, "रविवारीं सकाळीं आमच्या क्लबांत या. आम्ही मोटारसायकलवालीं माणसें जमतों. चालवायचें कसें, तें शिकतों."

मोटारसायकल क्लब म्हटला कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें सांगावयास नको. काळीं जाकिटें, कर्कश आवाज, आणि मध्यरात्रीं झोंपमोड ! "या वयांत तुम्ही उंडारणाऱ्या पोरांत जाऊन बसणार ?" असें घरून विचारलें गेलें, आणि मला स्वतःलाहि उत्तर सांपडलें नाहीं. पंचविशी उलटेपर्यंत गाडी चालविलेल्या माणसानें 'गाडी चालवायला शिकतों' असें म्हणणें, म्हणजे चाळीस वर्षें संसार केलेल्या बाईनें वरण शिजवायला शिकतें म्हणण्यासारखेंच कीं नाहीं ? तरी मी गेलों. गेलों तो ज्ञानाच्या ओढीनें नव्हे. दवाखान्यांतील त्या वाक्याचें कोणाजवळ तरी उत्तर मिळावें, एवढीच इच्छा होती.

शहराबाहेरील एका मोकळ्या पटांगणावर ही मंडळी पहांटे जमत. तेथें पाहिलेलीं माणसें माझ्या कल्पनेंतल्या माणसांहून अगदींच निराळीं होतीं. एक बँकेंतले कारकून होते, एक डॉक्टरीणबाई होत्या, दोन-तीन कॉलेजांतील मुलगे व एक मुलगी होती. शिकविणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, लष्कराच्या सिग्नल दलांतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांच्या मोटारसायकलीचा आवाज तेथें असलेल्या सर्व गाड्यांत कमी होता. हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट असल्यावांचून कोणीहि गाडीवर बसावयाचें नाहीं, हा पहिला नियम. मीं मुकाट्यानें उसनें हेल्मेट डोक्यावर चढविलें, आणि कट्ट्यावरील माझीं भाषणें आठवून मनांतल्या मनांत ओशाळलों.

हवालदारांनीं जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली. "ताशी चाळीसच्या वेगानें या, आणि रेघ आली कीं थांबा." मी आलों. रेघेवर माझा पाय सवयीनें ब्रेकवर पडला, मागचें चाक किंचाळलें, गाडीची शेपटी डावी-उजवी झाली, आणि बऱ्याच अंतरावर जाऊन मी थांबलों. जमिनीवर उमटलेला लांबलचक काळा पट्टा पाहून मला थोडा अभिमानहि वाटला. हवालदारांनीं पावलें टाकून अंतर मोजलें. तेवीस भरलीं. नंतर माझ्या निम्म्या वयाची ती मुलगी त्याच वेगानें आली आणि बारा पावलांत, चाकाचा आवाजहि न होतां थांबली.

"साहेब," हवालदार म्हणाले, "गाडी थांबली खरी, पण तुम्हीं नाहीं थांबविली. ती तिच्या मर्जीनें थांबली."

मग त्यांनीं जें समजावून सांगितलें तें इतकें सोपें होतें, कीं इतकीं वर्षें तें मला सुचलें कसें नाहीं याचेंच आश्चर्य वाटावें. एस.टी.च्या गाडींत आपण उभे असतों. चालक ब्रेक लावतो. आपण सारे पुढें कलतों. मोटारसायकलीचेंहि तसेंच. ब्रेक लागतांच तिचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. ज्या चाकावर भार, त्याचीच रस्त्यावर पकड. मागचें चाक त्याच क्षणीं हलकें झालेलें असतें. त्यालाच सारें बळ लावून दाबलें, तर तें घसरणार नाहीं तर काय करणार? गाडी थांबविण्याची खरी शक्ति पुढच्या चाकांत असते. मात्र ती एकदम मागूं नये. मूठ आधीं हलकेच आंवळावी, भार पुढें येऊं द्यावा, आणि मग ओलें धोतर पिळावें तसा दाब वाढवीत न्यावा. मागच्या ब्रेकची जोड असावी, पण ती बेतानें. गाडी सरळ उभी असावी. रस्ता ओला असेल तर हेंच सारें अधिक हलक्या हातानें आणि अधिक अंतर ठेवून करावें.

म्हणजे काका खोटें बोलले नव्हते. ते खरोखरच पडले होते. त्यांचा अनुभव खरा होता; त्यावरून त्यांनीं काढलेला नियम मात्र खोटा होता. त्यांनीं पुढचा ब्रेक लावला म्हणून ते पडले नाहींत. भार पुढें येण्यापूर्वींच तो करकचून आंवळला म्हणून ते पडले. पण तोंड रक्तानें भरलेलें असतां इतका सूक्ष्म भेद कोण करीत बसतो ? आणि एकदां तो नियम झाल्यावर तपासून कोण पाहतो ?

त्या दिवशीं घरीं आल्यावर मीं या विषयावर जें सांपडेल तें वाचावयास आरंभ केला. कॅलिफोर्नियांत हॅरी हर्ट नांवाच्या संशोधकांनीं लॉस एंजेलीस भागांतील सुमारें नऊशें मोटारसायकल-अपघातांची घटनास्थळीं जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. अपघातांत सांपडलेल्यांपैकीं शेंकडा ९२ लोक एक तर आपले आपण शिकलेले होते, किंवा घरच्या माणसांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. संकट समोर आलें असतां त्यांतील बहुतेकांनीं मागचा ब्रेक नको इतका आणि पुढचा अगदींच थोडा लावला होता. आणि हें सारें करावयास त्यांच्या हातीं दोन सेकंदांहूनहि कमी वेळ होता. अहवालांतील तीं वाक्यें वाचतांना मला वाटलें, कीं कोणीतरी आमच्या घराचीच चौकशी केली आहे. 'घरच्या माणसांकडून' हे शब्द मीं पुनःपुन्हा वाचले. आपल्याकडे २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें प्राणास मुकलीं, आणि त्यांतील शेंकडा ४४.५ दुचाकीवरील होतीं, असें सरकारी अहवाल सांगतो. त्यांपैकीं कित्येकांना त्यांच्या काकांनीं, मामांनीं, वडिलांनीं प्रेमानेंच शिकविलें असेल.

पुढच्या रविवारीं वळणाचा पाठ होता. "गाडी डावीकडे वळवायची तर काय करतां ?" हवालदारांनीं विचारलें. "हॅंडल डावीकडे फिरवितों," मीं सांगितलें. वेग असतांना असें कोणीच करीत नाहीं, असें ते म्हणाले, आणि तें मला करून दाखविलें. वेगांत असतां डावीकडची मूठ किंचित् पुढें ढकलावी लागते. म्हणजे चाक क्षणमात्र उजवीकडे वळतें, गाडी डावीकडे झुकते, आणि मग डावें वळण घेते. प्रत्येक सायकलवाला हें न कळत करीत असतो. विमान उडविणाऱ्या राइट बंधूंपैकीं विल्बर यांनीं पुष्कळ सायकलस्वारांना हाच प्रश्न विचारला होता, आणि पहिल्या झटक्यास संपूर्ण बरोबर उत्तर देणारा एकहि त्यांना भेटला नाहीं. हें वाचून माझें थोडें समाधान झालें. पण लगेच ध्यानांत आलें, कीं मी नुसता स्वार नव्हतों, शिक्षकहि झालों होतों. शरीराला येणारी गोष्ट मनाला ठाऊक असतेच असें नाहीं. स्वतःपुरतें तेवढ्यानें भागतें. दुसऱ्याला शिकवूं गेलें कीं आपण आपलें शरीर देऊं शकत नाहीं. देतों ते शब्द, आणि माझ्याजवळचे शब्द काकांचे होते.

जानेवारींत आम्हांला कात्रजच्या जुन्या घाटांत नेलें. पहांटेची वेळ, खालीं शहराचे दिवे, आणि बोगद्याकडे चढत जाणारीं तीं वळणें. मी पुढें आणि हवालदार माझ्या मागें, अशी व्यवस्था होती. मागून येणारा माणूस आपले दोष मोजीत आहे, या जाणिवेनें प्रथम माझी मान अवघडून गेली. बोगद्यापाशीं चहा घेतांना त्यांनीं एकेक वळण मला परत सांगितलें. "तिसऱ्या वळणाला तुम्ही चाकापुढचा खड्डा पाहत होतां, वळण पाहत नव्हतां. सहाव्याला ट्रक दिसल्यावर वेग कमी केलात. तो दिसण्यापूर्वींच कमी व्हायला हवा होता."

मग त्यांनीं मला पाहण्याची रीत शिकविली. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जेथें एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो बिंदु आपल्याकडे येत असेल तर वळण आंवळत चाललें आहे. वेग कमी करावा. तो पुढें पळूं लागला तर वळण मोकळें होत आहे. मग बेतानें वेग वाढवावा. आपल्याला जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा; त्याहून जास्त असेल तो उसना. ताशी साठ किलोमीटरच्या वेगानें गाडी एका सेकंदांत जवळजवळ सतरा मीटर जाते. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद निघून गेलेला असतो. आणि वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें. हा हिशोब मला शाळेंत शिकविला होता. पण तो माझ्याच अंगाखालच्या गाडीला लागू आहे, हें तेथें बोगद्यापाशीं प्रथम कळलें.

परत येतांना मी तोच घाट उतरलों. वेग पूर्वींपेक्षां कमीच होता, पण कोठेंहि गडबड झाली नाहीं, कीं ब्रेकवर पाय आदळला नाहीं. इतकीं वर्षें मी जिला कौशल्य समजत होतों ती केवळ दैवाची कृपा होती. माझ्यापुढें म्हैस आली नव्हती, एवढेंच. ती माझ्या मुलीच्या पुढें कुत्र्याच्या रूपानें आली.

त्या दिवशीं संध्याकाळीं मीं तिला सारें सांगितलें. पुढचा ब्रेक, भार, एस.टी., हें सगळें सांगणें सोपें होतें. अवघड होतें तें तारेचें. "गाडीचा पुढचा ब्रेक मींच सैल करून ठेवला होता," मीं म्हटलें. "तूं तो दाबला असतास, तरी गाडी थांबली नसती."

ती बराच वेळ गप्प होती. उजव्या हाताचें मनगट तिनें डाव्या हातांत धरलें होतें. मग म्हणाली, "सहा महिने मला वाटत होतें, कीं मीच वेंधळी आहें. बाबा, हें तुम्हीं तेव्हांच सांगायला हवें होतें."

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां मला ब्रेकचें शास्त्र ठाऊक नव्हतें, हें खरें. पण तार सैल आहे हें तर ठाऊक होतें. ती माझ्यावर रागावली होती आणि तो राग रास्त होता. दोन रविवार मी एकटाच गेलों. तिसऱ्या रविवारीं पहांटे मी बूट घालीत असतां ती दाराशीं येऊन उभी राहिली. तिच्या हातांत हेल्मेट होतें. कोठून आणलें, तें मीं विचारलें नाहीं.

पटांगणावर पहिल्या खेपेस तिचा पाय मागच्याच ब्रेकवर गेला. दुसऱ्या खेपेस तिनें पुढचा दाबला, पण घाबरून लगेच सोडला. हवालदार कांहीं बोलले नाहींत. नुसती रेघ पुन्हा मारली. मी कडेला उभा होतों. ओरडून सूचना द्यावी म्हणून माझें तोंड तीनदां उघडलें आणि तीनदां मीं तें मिटलें. सातव्या कीं आठव्या खेपेस ती सरळ आली, मूठ हळूहळू आंवळत गेली, गाडीचें तोंड किंचित् खालीं दबलें, आणि ती थांबली. हवालदारांनीं पावलें मोजलीं. पंधरा भरलीं. "अजून तीन कमी होतील," ते म्हणाले, आणि ती गाडी वळवून पुन्हा आरंभाच्या जागीं गेली.

काका आतां नाहींत. असते तर त्यांच्याशीं वाद घालण्याची मला हिंमत झाली असती, असें वाटत नाहीं. पण त्यांना एकदां त्या चुन्याच्या रेघेपाशीं नक्की नेलें असतें. नव्या गाड्यांपैकीं १२५ सी.सी.हून मोठ्यांना २०१९ पासून चाक अडकूं न देणारी योजना सक्तीची झाली आहे. आमच्या जुन्या गाडीला तिचा आधार नाहीं. म्हणून तिची निगा अधिक राखावी लागते.

परवां ती कॉलेजांत निघाली तेव्हां आकाश भरून आलें होतें. तिनें खुंटीवरची किल्ली घेतली. 'सावकाश जा,' हे माझे पिढीजात शब्द ओठांपर्यंत आले होते.

"पुढच्या ब्रेकची तार काल आंवळून ठेवली आहे," मीं म्हटलें.

"पाहिली मीं," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.